सातव्या आवृत्तीखालचं नाव

निकम सर,

परवा शोकसभेत एकूणएक माणूस तुम्हाला 'शांत स्वभावाचे' म्हणाला. मला हसू आवरेना. तोंडावर रुमाल धरला, तर शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय, आणि त्या माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. तुम्ही आणि शांत! नोएडाच्या त्या ऑफिसात दोन वर्षं रोज चहाच्या वेळी तुम्ही माझ्याशी भांडलात. तेही मराठीत, म्हणजे बाकीच्यांना नुसता आवाज ऐकू जायचा, मजकूर नाही. "आज महाराष्ट्र में क्या हुआ?" असं विचारून जायचे सगळे.

मग खुराना साहेब बोलायला उठले. आपले तेव्हाचे मॅनेजर, आता डोक्यावर एक केस नाही. म्हणाले, "निकम जी हीरा आदमी थे. पूरी नौकरी में एक ही गलती हुई उनसे, और वो भी उन्होंने मर्द की तरह मान ली." सगळ्यांच्या माना हलल्या. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. ती चूक तुमची नव्हती. हे जगात दोन माणसांना माहीत होतं, तुम्हाला आणि मला. आता मी एकटी उरले. आणि परवाही मी खुर्चीवरून उठले नाही.

तुमच्याशी कधीच सरळ बोलले नाही, म्हणून आता लिहितेय. तुम्ही म्हणाल, "ही अक्कल आठ वर्षांनी सुचली का?" म्हणा. ऐकून घेते.

मी त्या ऑफिसात आले तेव्हा खिडकीच्या एका बाजूला काचेच्या इमारती उठत होत्या आणि दुसऱ्या बाजूला अजून मोहरी होती. माझी पहिली नोकरी, तीही दोन वर्षांच्या प्रोबेशनवर. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात वाढलेली मुलगी, बाबा मंत्रालयात. तुम्ही साताऱ्याकडचे. सतरा वर्षं सैन्यात सिग्नलमध्ये काढली होतीत, टेलिफोन एक्सचेंजवर बसून बसून संगणकाची पदवी घेतलीत आणि पेन्शनीत निघून थेट कर्नेलमध्ये शिरलात. कर्नेल म्हणजे यंत्राच्या सगळ्या प्रोग्रॅमांच्या खाली बसून कारभार बघणारा. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "सर, मी बिल्कुल थकून गेलेय यार," आणि तुम्ही कपाळाला हात लावलात. "तुझ्या मराठीत अर्धी दिल्ली घुसलीय बाई. 'उसंत' म्हणजे काय, माहितीय?" मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून चहाच्या सुट्टीला तुम्ही उसंत म्हणू लागलात, मुद्दाम, मला चिडवायला.

आपलं काम औषधाच्या पंपाचं होतं. दवाखान्यात अत्यवस्थ माणसाच्या शिरेत थेंबाथेंबानं औषध ढकलणारं यंत्र. त्याची मोटर, त्याची बटणं, त्याचा पडदा, नळीत हवेचा बुडबुडा आला का ते बघणारा सेन्सर, यांपैकी कुणालाही काही सांगायचं असलं की तो प्रोसेसरला हाक मारतो. तीच ती इंटरप्ट, आणि त्या त्या भागाची हाक सांभाळणारा कोडचा तुकडा म्हणजे ड्रायव्हर. जुन्या पद्धतीत हाक आली की प्रोसेसर हातातलं सगळं टाकून धावायचा आणि ते काम संपेपर्यंत बाकीचे ताटकळत राहायचे. पडद्याचं फुटकळ काम लांबलं की मोटरचा ठोका चुकायचा. मला हे मोडायचं होतं. हाक आली की तिथल्या तिथे फक्त 'ऐकलं' म्हणायचं आणि खरं काम एका थ्रेडवर, म्हणजे मागे स्वतंत्र चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर, सोपवायचं. थ्रेडांना क्रम लावता येतो, मोटर पहिली, पडदा शेवटी. बाहेरच्या जगात काही मंडळी हे करून बघत होती, पण जगभर वापरल्या जाणाऱ्या मुख्य कर्नेलमध्ये अजून कुणी घेतलं नव्हतं. मी तेवीस वर्षांची, माझ्या अंगात वारं शिरलं होतं.

तुम्हाला ते पटेना. "कॉल आला की उचलायचा. तू नुसती चिठ्ठी लिहून ठेवणार, आणि चिठ्ठी वाचणाऱ्याची पाळीच आली नाही तर?"

"त्याची पाळी लावायची सोय आहे ना सर. त्यालाच प्रायॉरिटी म्हणतात."

"प्रायॉरिटी मला शिकवतेस? जनरलचा कॉल आला की कॅप्टनचा तोडायचा, हे मी तू शाळेत होतीस तेव्हापासून करतोय. पण कॅप्टनला सांगून तोडायचा!"

मी हसले, तुम्ही चिडलात, चहा गार झाला. मग महिनाभरानं तुम्ही आपणहून अर्धं मान्य केलंत. अर्धंच. "कर तुझे थ्रेड. पण एकेक ड्रायव्हर वेगळा घे आणि एक लक्षात ठेव. बुडबुड्याचा सेन्सर एकदा ओरडून गप्प बसणारा नाही. त्याचं काम होईस्तोवर तो ओरडतच राहतो. थ्रेडचं काम होईपर्यंत त्याची लाइन बंद ठेव. नाहीतर प्रोसेसर नुसता 'ऐकलं, ऐकलं' करत बसेल आणि थ्रेडला पाळीच मिळणार नाही. यंत्र जागच्या जागी खलास."

लाइन बंद ठेवायला कोडमध्ये एक शब्द लागायचा. एक शब्द, सर.

सगळे पडद्यावर वाचायचे आणि तुम्ही प्रत्येक पॅच, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल, कागदावर छापून पेन्सिलीनं वाचायचात. पोरं खिदळायची. माझ्या पॅचच्या पाचव्या आवृत्तीत नेमका बुडबुड्याच्या सेन्सरपाशी तो शब्द घालायचा राहिला होता. तुम्ही तिथे गोल केलात आणि कागद माझ्यापुढे टाकलात. मी तुमच्यासमोर दुरुस्ती केली. सहावी आवृत्ती तुम्ही पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलीत आणि मग मेलनं एक ओळ पाठवलीत, 'रिव्ह्यूड-बाय' आणि पुढे तुमचं नाव. पॅचच्या पायाशी ज्याचं नाव, त्यानं तो वाचला आणि त्याला तो पटला, हा आपल्या धंद्यातला शब्द. आणि पॅच बदलला की जुनी नावं गळतात, प्रत्येकाला पुन्हा विचारायचं, हाही आपला नियम. तुम्हीच मला शिकवलेला.

परदेशचे पाहुणे यायच्या दोन दिवस आधी खुराना साहेबांनी सांगितलं, पॅचांचा क्रम बदला, मोटरचा आधी हवा. तुम्ही मुलीच्या ॲडमिशनसाठी रजेवर होतात. मी क्रम बदलला. बदलताना बुडबुड्याच्या सेन्सरच्या ड्रायव्हरची प्रत घेतली ती पाचव्या आवृत्तीची, सहाव्या नव्हे. दोन फोल्डर शेजारीशेजारी उघडे होते. माझी दुरुस्ती गळली आणि मला कळलंही नाही. इथपर्यंत ती नुसती चूक होती. असली चूक कुणाच्याही हातून होते.

पुढचं मी डोळसपणे केलं. सहाव्या आवृत्तीखालची तुमची ओळ उचलली आणि सातव्या आवृत्तीखाली चिकटवली. फोन करता आला असता. केला नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात, "थांब, उद्या येतो, छापून ठेव." आणि पुन्हा पेन्सिल घेऊन बसला असतात. मला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तुमच्या त्या पेन्सिलीचा कंटाळा आला होता. मी तुमचं नाव तुम्हाला न विचारता वापरलं.

पाहुण्यांपुढे पंपाला औषधाऐवजी साधं पाणी लावलं होतं. खुराना साहेबांनी स्वतः सुईनं नळीत बुडबुडा सोडला. अलार्म वाजायला हवा होता. बुडबुडा सेन्सरपाशी आला आणि मोटर थांबली. पडद्यावरचा आकडा जिथे होता तिथेच राहिला. अलार्म वाजला नाही. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. पाहुण्यांत एक डॉक्टर बाई होत्या. त्यांनी हळूच विचारलं, रात्रपाळीची नर्स दुसऱ्या खाटेशी असेल तर हे तिला कळणार कसं? तुम्ही भिंतीशी उभे होतात. यंत्राच्या नोंदींचा लॉग उघडायच्या आधी, कुणी काही बोलायच्या आधी तुम्हाला कळलं. तुम्ही पंपाकडे बघितलंच नाहीत, माझ्याकडे बघितलंत.

दुपारी मीटिंग. प्रोजेक्टरवर सातवी आवृत्ती. खुराना साहेबांनी बोट ठेवलं, "यहाँ लाइन मास्क ही नहीं हुई, खुली छोड़ दी. ये तो कॉलेज का बच्चा भी पकड़ ले. रिव्यू किसने किया?" आणि पान खाली सरकवलं. तुमचं नाव.

तुम्ही उठलात, चष्मा काढून पडद्याजवळ गेलात. कोड वाचलात. मग तारीख वाचलीत. त्या तारखेला तुम्ही ऑफिसात नव्हतात, रजेच्या रजिस्टरात नोंद होती, आणि सहाव्या आवृत्तीचा कागद, बरोबरच्या खुणेसकट, तुमच्या टेबलाच्या खणात होता. एक वाक्य पुरे होतं. मी मनात म्हणत होते, आता बोलतील, आता बोलतील. बोलले की मी लगेच कबूल करणार, असं मी ठरवलं होतं. इतकं सोपं काम मी तुमच्यावर टाकलं होतं.

तुम्ही चष्मा घातलात आणि म्हणालात, "मेरा नाम है. नाम है तो मैंने ही देखा है."

"निकम जी, आपसे ये उम्मीद नहीं थी."

"जी," म्हणालात आणि जागेवर येऊन बसलात.

मी बोलले नाही. प्रोबेशनचे तीन आठवडे उरले होते, बाबा निवृत्त होणार होते, क्वार्टर सोडायचं होतं. ही कारणं खरी आहेत, पण त्यांच्यामुळे मी गप्प बसले नाही. मी घाबरले, बस. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं तेव्हापासून खवखवतंय.

आणि एक सांगू? मला तुमचा रागही आला. अजून येतो. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी काय तुमच्याकडे पदर पसरला होता? तुम्ही मला चारचौघांत झापलं असतंत तर मी त्या दिवशी रडले असते आणि सुटले असते. संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "लाइन बंद कर आणि आठवी पाठव. मी वाचतो." आठवी तुम्ही वाचलीत. ओळीनं, पेन्सिलीनं. तिच्याखाली तुमचं नाव तुम्ही स्वतः घातलंत, आणि तो पंप आजही चालतोय.

तुम्हाला मात्र कर्नेलमधून काढून टेस्टिंगला बसवलं, दुसऱ्यांच्या यंत्रांचे रिपोर्ट लिहायला. चार महिन्यांत तुम्ही राजीनामा दिलात. कुणी दारात उभं करेना. 'वो पंप वाले निकम' असं नोएडाभर झालं होतं. शेवटी गुडगावच्याही पलीकडे एका खाजगी कॉलेजात शिकवायला लागलात. द्वारकेहून पहाटे निघायचं, दोन बस बदलायच्या. मी कायम झाले, मग टीमची लीड झाले. मला थ्रेडवाली म्हणून ओळखू लागले.

चार वर्षांनी तीच पद्धत मुख्य कर्नेलमध्ये आली, आणि पहिला फोन तुमचा आला. "अगं वृंदा, तुझं खरं ठरलं! मी हरलो बघ." आवाजात नुसता आनंद. मी काहीतरी पुटपुटले. तुम्ही म्हणालात, "त्यात लाइन बंद ठेवायची सोयसुद्धा घातलीय हं." मला तुमचा श्वास ऐकू येत होता. तुम्हीच विषय बदललात, कॉलेजातली पोरं प्रोग्रॅम शिकताना पॉइंटरला कशी घाबरतात ते सांगत बसलात. त्या फोनबद्दल मी तुमची ऋणी आहे. माझ्यावर खूश होण्याचं तुम्हाला काहीही कारण नव्हतं, तरी तुम्ही झालात.

मग ते मेट्रोतलं. तुम्ही कुठल्याशा परीक्षेला नोएडाला आला होतात, परतताना एकाच डब्यात भेटलो. शेजारी जागा मिळाली. मी ठरवलं, आज सांगायचं. माझं मयूर विहार आलं आणि मी उतरले नाही. तुम्ही बघितलंत. हातातलं वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवलंत आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवून बसलात. तुम्ही वाट बघत होतात, सर. मला कळत होतं. यमुना गेली, मंडी हाऊस गेलं, राजीव चौकात माणसांचा लोंढा आत आला आणि मी तुम्हाला माझ्या मुलाच्या शाळेबद्दल सांगत होते. त्याला मराठी वाचता येत नाही वगैरे.

"तुझं स्टेशन मागे गेलं," तुम्ही शेवटी म्हणालात.

"हो, ते… करोल बागेत जरा काम आहे."

ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय जुनीच. करोल बाग आल्यावर उतरणं भाग पडलं. तुम्ही म्हणालात, "नीट जा." दार लागलं. त्यानंतर आपण भेटलो नाही.

परवा शोकसभेतून घरी आले ती तशीच लॅपटॉप उघडून बसले. खुराना साहेबांना आणि त्या वेळच्या सगळ्यांना मेल लिहिली. सातवी आवृत्ती निकम सरांनी पाहिली नव्हती, त्यांचं नाव मी त्यांना न विचारता घातलं, चूक पूर्णपणे माझी. दहा मिनिटांचं काम. आठ वर्षं ज्याला घाबरले ते दहा मिनिटांचं काम निघालं. उत्तरंही आली. दोघांनी मला 'ब्रेव्ह' म्हटलंय. ती दोन्ही उत्तरं मी पुसून टाकली.

काल ती मेल छापून घेतली आणि द्वारकेला तुमच्या घरी गेले. तुमच्यावरचा डाग पुसला गेला हे वहिनींना कळावं, त्यांना बरं वाटावं, असं मनात होतं. वहिनींनी चहा ठेवला. मी म्हणाले आधी बसा, आणि सगळं सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला नाही.

"म्हणजे त्यांनी ते बघितलंच नव्हतं?"

"नाही वहिनी."

"आणि त्यांना ठाऊक होतं? की तू घातलंस नाव?"

"पहिल्या मिनिटापासून."

आत चहा उतू गेल्याचा वास आला. त्या उठल्या नाहीत. मी उठायला लागले तर हातानंच बस म्हणाल्या.

"मी आठ वर्षं त्यांना बोलत आले, वृंदा. रोज नाही, पण अधूनमधून. पहाटे उठून डबा भरायचा, पाय दुखायचे, मग तोंडातून जायचंच. नीट बघितलं असतंत तर आज म्हातारपणी बसचे धक्के खायची पाळी आली नसती. त्या दिवशी सकाळीसुद्धा मी बोलले. ते गेले त्या दिवशी."

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "सर काय म्हणाले?"

"काय म्हणणार? नेहमीचंच. 'चुकलंच गं माझं.' आणि डबा घेऊन खाली उतरले."

मी त्यांच्या पायांशी वाकले. माफ करा वहिनी, म्हणाले. आणखीही काय काय म्हणाले, आता आठवत नाही. त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं. त्यांच्या हातात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. मेलचा कागद नीट दुमडून त्यांनी माझ्या पर्समध्ये परत ठेवला.

"तू आलीस, माझी माफी मागितलीस," त्या म्हणाल्या. "मी आता कुणाची मागू?"